मुंबईचा पाऊस : संशोधन इतके पुढे गेले, मग अंदाज आपल्या वॉर्डापर्यंत का पोहोचत नाही?

मुलुंडकर

नमस्कार. गेल्या काही वर्षांत मान्सूनविषयीच्या संशोधनाबद्दल बरेच वाचायला मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हवामानाचे निरीक्षण आणि अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’ या योजनेसाठी २००० कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. पुढे २६ मे २०२५ रोजी तेथेच विकसित झालेली ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ ही हवामान अंदाज प्रणाली देशाला समर्पित झाली. आधीच्या प्रारूपाची जाळी १२ किलोमीटरची होती, हिची ६ किलोमीटरची आहे. नेमका त्याच दिवशी मान्सून मुंबईत पोहोचला, म्हणजे ११ जून या सरासरी तारखेच्या सोळा दिवस आधी. कुलाब्याचा मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासूनचा विक्रमही त्याच महिन्यात मोडला.

एवढे सगळे होऊनही मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांना बहुधा एकाच रंगाचा इशारा मिळतो. मुलुंडला धो धो कोसळत असताना दक्षिण मुंबईत रस्ते कोरडे असतात, कधी नेमके उलट घडते. त्यामुळे लोकांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडत चालला आहे आणि मला ते धोक्याचे वाटते. संशोधनाची खरी प्रगती किती झाली आहे आणि ती वॉर्डाच्या पातळीवर का उतरत नाही, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

मेघमाला

चांगला विषय. माझे शिक्षण वातावरणशास्त्रात झाले आहे, म्हणून जाळीच्या मुद्द्यापासून सुरुवात करते.

हवामानाचे प्रारूप पृथ्वीवरील हवेचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनासाठी तापमान, वारा, बाष्प यांचे एकेकच मूल्य धरून गणित करते. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ६०३ चौरस किलोमीटर आहे. १२ किलोमीटरच्या जाळीतील एक चौकोन १४४ चौरस किलोमीटरचा होतो, म्हणजे अख्ख्या मुंबईच्या वाट्याला जेमतेम चार-साडेचार चौकोन येत होते. ६ किलोमीटरच्या जाळीत ते सोळा-सतरा झाले. ही प्रगती खरीच आहे, कारण जाळी निम्मी केली की गणिताचे काम दुपटीने नव्हे, सात-आठ पटींनी वाढते; महासंगणक लागतो तो त्यासाठी.

मात्र मुसळधार पाऊस पाडणाऱ्या ढगातील उर्ध्वगामी प्रवाह एक-दोन किलोमीटर रुंदीचा असू शकतो. सहा किलोमीटरच्या चौकोनात तो दिसत नाही, त्याचा परिणाम सूत्रांनी अदमासे धरावा लागतो आणि चूक शिरते ती तेथेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला सुमारे ७४ मिमी पाऊस झाला. दोन्ही वेधशाळांमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच आहे. त्या दिवशी एकाच रंगाचा इशारा दिला असता, तर तो एका ठिकाणी अपुरा आणि दुसरीकडे अनाठायी ठरला असता.

दादर_पश्चिम

मेघमाला, स्पष्टीकरण आवडले. एक गोष्ट जोडतो. वेधशाळेतील चोवीस तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजले जातात. रात्री अकराला सुरू होऊन सकाळी दहापर्यंत कोसळलेला पाऊस त्यामुळे दोन दिवसांत विभागला जातो आणि ‘काल किती पडला’ या प्रश्नावर वर्तमानपत्रातील आकडा व आपला अनुभव जुळत नाही. इशारा खोटा ठरला अशी जी तक्रार होते, तिच्यातील काही भाग या मोजणीच्या रीतीमुळे आहे.

अंधेरीकर

सर्वांच्या ज्ञानाचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. पाऊस मुंबईला नवा नाही. ५ जुलै १९७४ ला कुलाब्यात २४ तासांत ५७५.६ मिमी पाऊस झाला होता, तेव्हा हवामान बदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. शहर तुंबते ते नाले बुजवल्यामुळे, मिठी नदीचे पात्र आवळल्यामुळे आणि खाजणांवर भराव टाकल्यामुळे. अरबी समुद्राच्या तापमानावर बोट ठेवले की जमिनीवरची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. महासंगणकावरील खर्चाचा काही भाग नालेसफाईकडे वळवला, तर नागरिकांना अधिक लाभ होईल.

मेघमाला

अंधेरीकर, खाजणांबद्दल आणि मिठीबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. परंतु १९७४ च्या एका दिवसावरून पाऊस बदललेला नाही असे अनुमान काढता येत नाही. त्यासाठी अशा दिवसांची वारंवारिता पाहावी लागते. आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासून २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला पश्चिम भागही येतो, विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या आहेत. हे घडत असताना त्याच पट्ट्यातील मोसमाचा एकूण पाऊस मात्र घटत होता. म्हणजे पाऊस वाढण्यापेक्षा तो थोड्या दिवसांत एकवटत चालला आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमध्ये चढउतार वाढले आणि त्यांच्यासोबत बाष्पाचे लोंढे येऊ लागले, हे कारण त्यांनी मांडले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र तर दीडशे वर्षांहून जुने आहे.

तुमच्या मुद्द्याला बळ देणारेही संशोधन आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मुंबईच्या अतिवृष्टीच्या घटनांचे संगणकीय प्रयोग केले. शहरीकरणामुळे शहरातल्या शहरात पावसाची विषमता वाढते आणि काही ठिकाणी जोरही वाढतो, असे त्यांना आढळले. काँक्रीट केवळ पाणी अडवत नाही, वर कोठे किती पडणार यातही त्याचा हात असतो. त्यामुळे ‘समुद्र की नाले’ असा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

निवृत्त_अभियंता

पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात आयुष्य गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शहराच्या जुन्या भागातील वाहिन्या ब्रिटिश काळातील असून त्या तासाला २५ मिमी पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, असे गृहीत धरून बांधल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ या मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाच्या १९९३ च्या अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिमी करावी असे सुचवले, त्या कामांना खरा वेग आला तो २००५ च्या प्रलयानंतर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध ही उदंचन केंद्रे, म्हणजे पंपाने पाणी उपसून समुद्रात सोडणारी केंद्रे, त्यातूनच उभी राहिली. आता ८ जुलै २०२४ ची पहाट आठवा. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीहून अधिक पाऊस झाला. सरासरी काढली तर तो तासाला ५० मिमी होतो, पण पाऊस सरासरीने पडत नाही. त्यातला एखादा तास वाहिनीच्या क्षमतेच्या पलीकडे जातो आणि ते वरचे पाणी रस्त्यावरच राहते.

एक हिशेब सर्वांनी करून पाहावा. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर पाणी. मेघमाला यांच्या ३६ चौरस किलोमीटरच्या एका चौकोनात १०० मिमी पाऊस पडला, तर ते ३६०० दशलक्ष लिटर होते. अख्ख्या मुंबईला सातही तलावांमधून दिवसाकाठी मिळणारे पाणी याच घरातले आहे. शहराची दिवसभराची तहान भागवणारे पाणी दोन-तीन तासांत एका कोपऱ्यात ओतले जाते, आणि ते समुद्रात न्यायचे असते.

पण समुद्र ते घेईलच असे नाही. आपली बरीच पातमुखे, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात ती तोंडे, भरतीच्या पातळीखाली येतात. भरती चढली की दरवाजे बंद करावे लागतात, अन्यथा समुद्रच वाहिन्यांतून शहरात शिरेल. मग पंप ओढतील तेवढेच पाणी बाहेर जाते. पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. उदंचन केंद्रात ती भिंतीवर चिकटवलेली असते आणि पाळीवरचा माणूस आकाशाच्या आधी तिच्याकडे पाहतो. २६ जुलै २००५ ला दुपारी पावसाने जोर धरला, तेव्हाही जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती.

म्हणून हवामानशास्त्रज्ञांकडे माझी मागणी अशी की, दिवसभरात किती मिमी हा आकडा आम्हाला दुय्यम आहे. कोणत्या तीन तासांत, हे सांगा. १५० मिमी पाऊस ओहोटीला पडला तर निभावून नेता येतो. तोच भरतीच्या माथ्यावर पडला तर हिंदमाता आणि मिलन सब-वे पाण्याखाली गेलेच म्हणून समजा.

वर्सोवा_७

अभियंता साहेब, ही पोस्ट जपून ठेवत आहे. तीन तासांच्या अंदाजासाठी रडार असते ना? वेरावलीला नवे रडार बसवल्याचे वाचले होते.

मेघमाला

होय. कुलाब्याचे रडार एस-बँडचे, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीचे आहे. जोगेश्वरीजवळ वेरावलीचे सी-बँड रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. त्याची तरंगलांबी पाचेक सेंटिमीटर आहे. त्यांच्या जोडीला कमी पल्ल्याची एक्स-बँड रडार मुंबई परिसरात उभारण्याचे काम हाती घेतले गेले. त्यांच्या लहरी सुमारे तीन सेंटिमीटरच्या असतात, त्यामुळे ढगाचा तपशील बारीक दिसतो, पण मुसळधार सरीतून जाताना त्याच लहरी लवकर क्षीण होतात आणि सरीमागचा ढग झाकला जातो. म्हणून अशी रडार एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या बाजूंनी असावी लागतात.

रडार ढग तयार झाल्यावर दाखवते. त्याच्या हालचालीवरून पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज बांधता येतो. मुंबईची अडचण अशी की, किनाऱ्यालगतच्या समुद्रावर छोटे भोवरे तयार होतात आणि ढग तासाभरात शहरावर येऊन उभा राहतो. पश्चिमेला समुद्रात पर्जन्यमापके नाहीत. जमिनीवर जशी आगाऊ चाहूल लागते तशी तेथे लागत नाही.

वरळीचा_नाखवा

समुद्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तिच्या आधीचा मे महिना सुकवणीचा. वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, बोंबील जबडे एकमेकांत अडकवून टांगतात आणि त्यांना दोन-तीन दिवस कडक ऊन व कोरडा वारा लागतो. अर्धवट सुकलेल्या बोंबलावर एक सर आली की तो पिवळा पडतो, मऊ होतो आणि मग त्याला कुटीच्या, म्हणजे खतासाठी जाणाऱ्या हलक्या सुक्या मासळीच्या, भावानेही कोणी विचारत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या आळीतील बायांचा माल असाच गेला. पंधरवड्याच्या बेगमीचे पैसे होते ते.

पूर्वी मे महिन्यात आम्हाला वादळाची धास्ती फारशी नसे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आले, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आले. तौक्तेने मुंबईच्या किनाऱ्याला स्पर्शही केला नाही, बाहेरून गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. चक्रीवादळाचा अंदाज मात्र आता वेळेवर मिळतो, हे मी मान्य करतो. तो ऐकून होड्या वर ओढता आल्या आणि माणसे वाचली.

मेघमाला

नाखवा, तुमचा अनुभव नोंदींशी जुळतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयआयटीएमच्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. चक्रीवादळाचा मार्ग चांगला वर्तवता येतो, कारण ते शेकडो किलोमीटर विस्ताराचे असते आणि कित्येक दिवस टिकते. कुर्ल्यावरचा ढग दोन तासांचा पाहुणा असतो.

परिचारिका_कुर्ला

मी कुर्ल्यात आरोग्यसेवेत आहे. आतापर्यंत चर्चा पाणी कोठे पडते आणि कोठून जाते यावर झाली. ते माणसांचे काय करते, यावरही बोलायला हवे.

२०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मुंबईवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००६ ते २०१५ या दहा वर्षांतील मृत्यूंच्या नोंदी आणि पाऊस यांची सांगड घातली आहे. पावसाळ्यात मुंबईत होणाऱ्या मृत्यूंपैकी ८ टक्क्यांहून अधिक मृत्यू पावसामुळे होतात, आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे असतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुलांना धोका सर्वाधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. आपण टीव्हीवर भिंत कोसळून किंवा मॅनहोलमध्ये पडून गेलेल्यांची संख्या ऐकतो. खरा आकडा त्याच्या कित्येक पट आहे.

मला या निष्कर्षाचे दुःख झाले, आश्चर्य वाटले नाही. वस्तीत पाणी शिरते तेव्हा आधी मोरीतून उलटे वर येते. शौचालयाचे आणि गटाराचे पाणी त्यातच मिसळलेले असते. पिण्याच्या पाण्याची नळजोडणी अनेक ठिकाणी त्याच गटारातून गेलेली दिसते. पाणी ओसरले की घर धुऊन काढणारी बाई अनवाणी उभी असते. चार-पाच दिवसांनी जुलाब सुरू होतात, आठवड्या-दीड आठवड्यात ताप येतो. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी असे आम्ही सांगतो. पण रोजंदारी बुडवून दवाखान्यात येणार कोण?

गणित_शिक्षक

ताई, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. प्रश्न पद्धतीविषयी आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ‘पाऊस’ असे कारण कधीच नसते. मग ८ टक्के हा आकडा कसा काढला? पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया असतातच.

परिचारिका_कुर्ला

सर, रास्त प्रश्न आहे. दाखल्यावरचे कारण पाहून ही गणना केलेली नाही. शहरातील रोजचे मृत्यू घेतले आणि जास्त पाऊस झालेल्या दिवसानंतरच्या सुमारे पाच आठवड्यांत ते किती वाढले, हे पाहिले. मोसमात नेहमी होणारे मृत्यू त्यातून वेगळे काढले जातात. आणखी एक गोष्ट अभियंता साहेबांच्या पोस्टशी थेट जुळते : पाऊस आणि मोठी भरती एकत्र आल्यास मृत्यूंचे प्रमाण अधिक वाढते, असे त्यांना आढळले. समुद्राची पातळी वाढत गेली तर हा भार आणखी वाढणार.

अंधेरीकर

म्हणजे निचऱ्याची सोय सुधारली तर जीव वाचतील, हेच त्यातून निघते. माझा मूळ मुद्दा तोच होता. मात्र मेघमाला यांनी दिलेली अतिवृष्टीची आकडेवारी पाहता तासाला ५० मिमी ही क्षमतासुद्धा पुढच्या पिढीला पुरणार नाही, हे मला पटले. वाहिन्या पन्नास वर्षांसाठी बांधायच्या तर पुढच्या पन्नास वर्षांच्या पावसाचा अंदाज हवा. त्या अर्थाने संशोधनावरचा खर्च अनाठायी नाही.

दादर_पश्चिम

थोडे विषयाच्या कडेने जातो. आपल्या शहरात वातावरणाच्या नोंदी ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचीही मोजणी होत असे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या विजेने सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती आजही तेथे आहे. विकासकाम होण्याआधी त्याचा मोजणीवर काय परिणाम होईल याचा विचार झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज स्वयंचलित पर्जन्यमापकांभोवती इमारती उभ्या राहतात आणि कोणी दखल घेत नाही. शिवाय या यंत्रांतील छोटे पात्र ठरावीक पाणी भरले की कलते आणि तेवढी नोंद होते. अति जोराच्या सरीत कलण्याच्या क्षणी काही पाणी निसटते आणि नोंद कमी होते. नेमका अतिवृष्टीचा आकडाच त्यामुळे उणा राहतो.

वर्सोवा_७

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता या सगळ्याची गरज राहणार नाही, असे ऐकतो. त्यात तथ्य आहे का?

मेघमाला

नाही. गूगल डीपमाइंडचे ‘ग्राफकास्ट’ २०२३ मध्ये आले आणि दहा दिवसांपर्यंतच्या जागतिक अंदाजात त्याने पारंपरिक प्रारूपांना मागे टाकले, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याची जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरची आहे. त्यातील एका चौकोनाचे क्षेत्रफळच संपूर्ण मुंबईहून मोठे आहे. शिवाय ते १९७९ पासूनच्या नोंदींवर शिकले आहे. ९४४ मिमीसारखा दिवस त्या नोंदींत एखादाच. जे क्वचित घडते ते शिकायला उदाहरणेच मिळत नाहीत. दादर_पश्चिम यांनी सांगितलेली मोजणी जितकी विश्वासार्ह, तितकेच हे तंत्र विश्वासार्ह.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. वॉर्डनिहाय नेमका आकडा आज विज्ञान देऊ शकत नाही, हे समजले. मग जे निश्चितपणे ठाऊक नाही, ते शक्यतेच्या रूपात का सांगत नाहीत? ‘उद्या दुपारी बारा ते तीन, पूर्व उपनगरांत १०० मिमीहून अधिक पावसाची शक्यता ३० टक्के, भरती एक वाजता’ असे सांगितले तर आम्ही समजून घेऊ.

गणित_शिक्षक

पूर्ण सहमत. लोकांना शक्यता कळत नाही, हा समज चुकीचा आहे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे असेच शक्यतेवर आधारित अंदाज मोबाइलवर पाठवले. पेरणीचा निर्णय त्यावर घेता येतो, तर शाळा सोडण्याचा का घेता येणार नाही? दहा वेळा ३० टक्के सांगितले आणि तीन वेळा पाऊस पडला, तर तो अंदाज उत्तम होता. सात वेळा खोटा ठरला असे म्हणता येणार नाही.

परिचारिका_कुर्ला

सर, मला ३० टक्केसुद्धा पुरेसे आहेत. तेवढ्यावर मी गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे आदल्या संध्याकाळी वस्तीत पोहोचवू शकते. मात्र इशाऱ्यात वस्तीचे नाव हवे. ‘पूर्व उपनगरे’ वाचून कोणी सामान माळ्यावर चढवत नाही.

निवृत्त_अभियंता

ताईंची मागणी आजच्या साधनांनीही बरीच पूर्ण होऊ शकते. पाऊस कोठे पडेल हे अनिश्चित असले, तरी पडल्यावर पाणी कोठे साचेल हे जमिनीच्या उतारावरून ठरते आणि तो बदलत नाही. जून २०२० मध्ये सुरू झालेली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरइशारा प्रणाली पाऊस, भरती, नद्यांची पातळी आणि जमिनीची उंची एकत्र करूनच चालते. तिचे निष्कर्ष आपत्कालीन नियंत्रण कक्षापर्यंत जातात. तेच वस्तीच्या नावासह नागरिकांपर्यंत जावेत, असे पत्र मी आमच्या विभाग कार्यालयाला देणार आहे. मसुदा येथे टाकतो, सूचना कराव्यात.

वरळीचा_नाखवा

साहेब, मसुद्यात कोळीवाड्यांसाठी एक ओळ घाला. भरतीची वेळ आम्हाला तोंडपाठ असते. आम्हाला मे महिन्यातला पाऊस दोन दिवस आधी कळायला हवा, म्हणजे माल वलांडीवर चढवायचा की बर्फात ठेवायचा हे ठरवता येईल.

निवृत्त_अभियंता

नाखवा, नक्की घालतो. सुकवणीचे महिने आणि किती तासांची कोरडी हवा लागते, हे तुम्ही नेमके लिहून द्या.